सासूबाईंचं गजकर्ण सात महिने हटत नाहीये, कॅप्सूलबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही चिपळूणजवळ राहतो. सासूबाई ६१ वर्षांच्या, मधुमेह जुना. गेल्या पावसाळ्यात कमरेला, परकराची नाडी काचते तिथे, रुपयाएवढा लाल चट्टा उठला. मेडिकलमधून ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज थांबली, चट्टा फिका पडला, लावणं बंद केलं. आठवड्याभरात परत आला, आधीपेक्षा मोठा. अशा चार ट्यूब संपल्या. आता जांघेत, काखेत, मांड्यांवर पसरलंय. रात्र रात्र खाजवत बसतात. लाजेपायी त्यांनी मलाही नीट दाखवलं नव्हतं, आणि मीही खोदून विचारलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी चट्ट्याच्या कडेची त्वचा खरवडून केओएच तपासणी केली, त्यात बुरशी दिसली. ट्यूबवरची नावं वाचून म्हणाले, यात क्लोबेटासॉल आहे, म्हणजे जोरदार स्टेरॉइड. त्याने खाज आणि लाली दबते, पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशी आरामात वाढते. जांघेत कातडी पातळ होऊन पांढरट भेगांसारखे व्रण पडलेत, ते त्याचेच.

आधी टर्बिनाफिनच्या, म्हणजे बुरशीवरच्या गोळ्या महिनाभर झाल्या, फरक नाही. आता बुरशीवरचीच इट्राकोनॅझोलची १०० मिग्रॅची कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ आहे. तीन आठवडे झाले, खाज थोडी कमी, पण कडा अजून लाल. माझे प्रश्न:

सासूबाई सकाळी उपाशीपोटी अॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल घेतात आणि त्यासोबतच ही कॅप्सूल. रात्री कोलेस्टेरॉलची अॅटोर्वास्टॅटिन असते. हे चालतं का? डॉक्टरांना जुन्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवायची राहून गेली. आणि काल मुलाच्या मानेवरही गोल चट्टा दिसला. त्याचं काय करू?

प्रतिसाद १
ताई, मी त्वचाविभागात काम करते. उपाशीपोटी नको. इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूलला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ती भरल्या पोटी घ्यायची. पॅन्टोप्राझोल आम्लच कमी करतं, मग औषध अंगी लागत नाही. कदाचित फरक कमी दिसतोय तो यामुळेच. अॅटोर्वास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण इट्राकोनॅझोलमुळे वाढतं, स्नायूंना इजा होऊ शकते. अंग दुखतंय का विचारा. आपल्या मनाने काही बंद करू नका, सगळ्या गोळ्या पिशवीत घालून उद्याच डॉक्टरांकडे जा. हृदयाचा त्रास, पायाला सूज, दम लागणं यांपैकी काही असेल तर तेही सांगा, कारण हृदय कमजोर असेल तर हे औषध सहसा देत नाहीत.

टर्बिनाफिन चाललं नाही याचं नवल वाटत नाही. आपल्याकडे आता ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी फार दिसते. २०२० मध्ये तिला हे नाव मिळालं. तिच्या एका जनुकातल्या बदलामुळे टर्बिनाफिन अनेकदा निष्प्रभ ठरतं. चट्टे दिसेनासे झाले तरी डॉक्टर सांगतील तोवर औषध सोडू नका, महिना-दोन महिने लागतात, कधी जास्तही. साखर आटोक्यात नसेल तर आणखी रेंगाळतं.

मुलाला लगेच दाखवा, घरात सगळ्यांनाच तपासा. एकाला झालं आणि दुसरा तसाच राहिला तर ते फिरत राहतं. टॉवेल, पांघरूण वेगळं ठेवा. कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. आणि ती ट्यूब त्याच्या मानेला अजिबात लावू नका.

धागाकर्ती, तीन दिवसांनी
फार आभार. डॉक्टरांनी कॅप्सूल जेवणानंतर लगेच घ्यायला सांगितली, पॅन्टोप्राझोल तूर्त थांबवलं, आणि कोर्स संपेपर्यंत कोलेस्टेरॉलची गोळीही. यकृताची तपासणी लिहून दिली. मुलाचीही केओएच पॉझिटिव्ह आली, त्याला फक्त मलम दिलंय. उरलेली ट्यूब फेकली.

आता एकच अडलंय. कमरेला घट्ट काही नको, सैल गाऊन घाला असं डॉक्टर म्हणाले. सासूबाई चाळीस वर्षं साडीशिवाय राहिलेल्या नाहीत, घरात पाहुणे आले की लगेच साडी नेसतात. कोणी आपल्या आईला, सासूला यासाठी कसं तयार केलंत? नाडीऐवजी रुंद, मऊ पट्टीचा परकर कोणी शिवून घेतलाय का?