शब्दचर्चा : ‘क्लासिक’ला अभिजात म्हणावं का?

प्रश्न : अझूर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या एका लेखाचं मराठीकरण करतेय. त्यात ‘क्लासिक डिप्लॉयमेंट मॉडेल’ आणि ‘रिसोर्स मॅनेजर’ ही तिथे सर्व्हर वगैरे सुरू करायच्या दोन पद्धतींची जोडी सारखी येते. पहिल्याला ‘अभिजात तैनाती प्रतिमान’ केलंय, पण वाचताना अडखळायला होतं. काय सुचवाल?

उत्तर : ताई, अडखळणारच. ‘अभिजात’ म्हणजे काळाच्या कसोटीला उतरलेलं, जपावं असं. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला तो दर्जा मिळाला, तेव्हापासून हा अर्थ घरोघरी पोचलाय. अझूरचं क्लासिक नेमकं उलट आहे. 2014 मध्ये रिसोर्स मॅनेजर आलं आणि मागे राहिलेल्या पद्धतीला हे नाव चिकटलं. तिच्यातली व्हर्च्युअल मशीन्स (आभासी संगणक) सप्टेंबर 2023 मध्ये बंदही झाली. सरळ ‘जुनी पद्धत’ लिहा. ‘प्रतिमान’चीही गरज उरत नाही.

‘तैनाती’ म्हटलं की मला वसईचा तह आणि तैनाती फौज आठवते. शिपाई तैनात होतो, डेटाबेस नाही. आम्ही दिवसभर ‘सर्व्हर उभा केला’ असंच बोलतो. जुन्या पद्धतीला म्हणून ‘उभारणी’ शोभते. तिथे एकेक वस्तू खरंच हाताने उभी करावी लागे : स्टोरेज, क्लाउड सर्व्हिस (मशीन ठेवायची पेटी), मग तिच्या आत मशीन. मोडायची वेळ आली की पुन्हा एकेक शोधून मोडा.

नव्या पद्धतीत शेवटी काय हवं ते जेसन या ठरावीक साच्याच्या मजकूर फाईलमध्ये लिहून द्यायचं. कशाआधी काय उभं करायचं ते रिसोर्स मॅनेजर बघतं. फाईलमध्ये मशीनचा आकडा 2 होता, तो 3 केला आणि तीच फाईल पुन्हा चालवली, तर तिसरं मशीन तेवढं नवीन येतं, आधीची दोन जागच्या जागी राहतात. ही ‘उभारणी’ नव्हे, ‘मांडणी’. इंग्रजीत दोन्हीकडे डिप्लॉयमेंटच आहे, पण मराठीत दोन शब्द वापरले तर वाचकाला फरक तिथेच कळेल.

‘रिसोर्स ग्रुप’ला ‘संसाधन गट’ चालेल. मात्र नवशिक्यांना सांगताना मी ‘बिऱ्हाड’ म्हणतो. बरोबर येणारं, बरोबर जाणारं सामान एका गटात ठेवायचं, अशीच त्यामागची कल्पना आहे. गट पुसला की आतलं सगळं जातं. एक वस्तू एका वेळी एकाच गटात राहते.

प्रश्न : बिऱ्हाड फार आवडलं! पण एका गटातलं सामान वेगवेगळ्या शहरांत असू शकतं ना?

उत्तर : हो, मशीन अझूरच्या पुण्यातल्या ‘सेंट्रल इंडिया’ विभागात आणि स्टोरेज चेन्नईतल्या ‘साउथ इंडिया’ विभागात, तरी गट एकच. बिऱ्हाड मात्र एका पत्त्यावर असतं. म्हणून लेखभर ‘संसाधन गट’ ठेवा. बिऱ्हाड पहिल्यांदा समजावताना एकदाच येऊ द्या.