मदत हवी आहे: बंध तुटताना ऊर्जा बाहेर पडते की खर्च होते?

नमस्कार. मुलगी दहावीत आहे. अभिक्रियांचे प्रकार तिला ओळखता येतात, समीकरण संतुलित करणंही जमतं. गाडी अडली आहे ती उष्मादायी आणि उष्माग्राही अभिक्रियांपाशी.

तिचं म्हणणं असं: हायड्रोजन ऑक्सिजनमध्ये जळतो, पाणी तयार होतं, भरपूर उष्णता मिळते. म्हणजे हायड्रोजनच्या रेणूतला बंध तुटला आणि त्यात साठलेली ऊर्जा मोकळी झाली. मग तिनंच विचारलं, असं असेल तर ठिणगी कशाला लागते? हे दोन वायू साध्या तापमानाला नुसते एकत्र ठेवले तर तसेच राहतात. चुनखडी तापवल्यावर तिचेही बंध तुटतात, पण तिथे तर उष्णता सतत द्यावी लागते!

प्रश्न रास्त आहे, 'पाठ कर' म्हणून तिची बोळवण करायची नाहीये. कुणी समजावून सांगाल का? आकडे असतील तर फारच बरं, तिला आकड्यांनी पटतं.

प्रतिसाद १

मुलीची शंका अगदी मोक्याच्या जागी आहे. बंध तुटल्यावर ऊर्जा मोकळी होते, ही समजूत आधी सोडायला सांगा. बंध तोडायला नेहमी ऊर्जा लागते, ती बाहेर पडते नवा बंध जुळताना. एकमेकांना चिकटलेले दोन लोहचुंबक ओढून वेगळे करायला जोर आपल्याला लावावा लागतो, जवळ मात्र ते आपणहून झेपावतात. तसंच हे.

आता आकडे. १ मोल (रेणू मोजायचं ठरावीक एकक, डझनासारखं) हायड्रोजनचे बंध तोडायला सुमारे ४३६ किलोज्यूल लागतात, १ मोल ऑक्सिजनचे तोडायला ४९८. समीकरणात हायड्रोजनचे २ रेणू आणि ऑक्सिजनचा १ आहे, म्हणून एकूण खर्च ८७२ + ४९८ = १३७० किलोज्यूल. पाण्याच्या २ रेणूंत ऑक्सिजन-हायड्रोजन बंध ४. प्रत्येकाचे सरासरी ४६३ धरले तर जमा १८५२. फरक ४८२ किलोज्यूल, तोच उष्णता म्हणून बाहेर येतो. (पाणी वाफेच्या रूपात धरलं आहे.) हा हिशेब तिला स्वतः मांडू द्या, उत्तर आयतं दाखवू नका.

ठिणगी हवी ती सुरुवातीच्या खर्चासाठी. थोडे रेणू तुटून नवे बंध जुळले की मिळालेली उष्णता शेजारच्या रेणूंना पुरते आणि अभिक्रिया पुढे आपोआप चालते. चुनखडीत खर्च जमेपेक्षा जास्त, त्यामुळे भट्टी थंड झाली की काम थांबतं.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार! हिशेब तिनं केला, ४८२ बरोबर आलं. पण लगेच पुढचा प्रश्न: कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की ठिणगीशिवायच कढत होतं, ते कसं?

प्रतिसाद २

सुरुवातीला लागणारी ऊर्जा प्रत्येक अभिक्रियेत वेगळी असते. तिला सक्रियण ऊर्जा म्हणतात. चुना आणि पाण्याच्या बाबतीत ती इतकी कमी आहे की खोलीच्या तापमानाला कणांची जी धावपळ चालू असते, तेवढीच पुरते. किती उष्णता मिळणार आणि सुरुवात किती अवघड, या दोन गोष्टी तिला वेगळ्या ठेवायला सांगा. बहुतेक मुलं त्या एकत्र करतात.

उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, नेमका हा सुरुवातीचा खर्च कमी करतो. मूलद्रव्यांच्या त्रिकांमुळे (सारख्या गुणधर्मांच्या तीन-तीनच्या गटांमुळे) तिला माहीत असलेल्या डोबेरायनर या रसायनशास्त्रज्ञानं १८२३ मध्ये हायड्रोजनचा झोत सच्छिद्र प्लॅटिनमवर सोडला आणि तो ठिणगीवाचून हवेत पेटला. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर रेणूंचे बंध सहज सुटतात. तरीही तिच्या हिशेबातले ४८२ तसेच राहतात, प्लॅटिनम असो वा नसो. का ते तिलाच विचारा आणि ती काय म्हणते ते इथे कळवा.