समुद्रातले दगड आणि जळगावची केळी

सातपुडा_पायथा: पुतणीच्या कॉलेजात काल ‘प्रवाळ वाचवा’ म्हणून व्याख्यान झालं. बाहेर पारा ४५ वर, बागेत घड पोळताहेत आणि पोरांना समुद्रातले दगड दाखवताहेत! आपला समुद्र म्हणजे हतनूरचं धरण. कोणाला काय घेणं?

तापीकाठ: राहवलं नाही म्हणून लांबलचक लिहितोय. दगड नाहीत, जीव आहेत ते. नोकरीपायी मी चार वर्षं जामनगरला काढली. तिथं जवळच नरारा म्हणून किनारा आहे, ओहोटीत चालत जाऊन प्रवाळ बघता येतं. पाय चुकीचा पडला की वाटाड्या खेकसतो. मलाही खेकसला होता. त्या जिवाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, तेच त्याला रंग देतं आणि बरंचसं अन्नही. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमालीपेक्षा पाणी एखादा अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की शेवाळ बाहेर. मग प्रवाळ पांढरंफटक. लगेच मरत नाही, पण उपाशी पडतं. लक्षद्वीपला हे १९९८, २०१० आणि २०१६ साली झालं. तिथली बेटंच प्रवाळावर उभी आहेत. उन्हाचा मार केळीवाल्याला कळू नये?

भुसावळी_ऊन: एक अंश?? आमच्याकडं एका अंशानं कोणी पंखाही वाढवत नाही.

सातपुडा_पायथा: जामनगरचं पाणी गढूळ, तापतंही. तरी तिथलं प्रवाळ जगलंच ना? मग रडगाणं कसलं?

तापीकाठ: चिवट होतं तेवढं जगलं, त्यात जाती थोड्या. बागेतली केळी गेली आणि बांधावरची बाभूळ उभी राहिली, तर बाग वाचली म्हणणार का?

रावेर_बागायत: अंशाचा विषय निघालाच आहे तर ऐका. पीकविम्याची भरपाई तापमानाच्या आकड्यावर ठरते. आमच्या महसूल मंडळाचं हवामान यंत्र कुठं, तर झाडाच्या सावलीत! माझ्या बागेत पानं करपली, यंत्र म्हणतं सगळं थंडगार. तीन चकरा मारल्या, दमडी नाही.

अमळनेरकर: काय सांगी राह्यना भो! आमच्याकडं तर यंत्रच बंद.

रावेर_बागायत: बंद परवडलं. खोटं बोलत तरी नाही.

तापीकाठ: धागा प्रवाळाचा आहे.

रावेर_बागायत: तुमचा असेल. आमचं कर्ज केळीवर आहे.

प्राणिशास्त्र_द्वितीय_वर्ष: काका, भांडू नका. कालच्या व्याख्यानाला मी होते. अभ्यासक पाण्याखाली मोजपट्टी अंथरतात, चौकट ठेवून फोटो काढतात. जिवंत किती, पांढरं किती, मेलेलं किती, सगळं मोजतात. पुढच्या वर्षी परत त्याच जागी. म्हणजे पंचनामाच. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळही प्रवाळ आहे, आपल्याच राज्यात. तिथं एका पर्यटकाला फोटोसाठी त्यावर उभं राहिलेलं मी पाहिलंय.

सातपुडा_पायथा: म्हणजे समुद्राच्या तळाशी जाऊन पंचनामा होतो आणि माझ्या डांबरी रस्त्यालगतच्या बागेत तलाठी येत नाही?

तापीकाठ: हा राग रास्त आहे. तो पोरीच्या व्याख्यानावर का काढता?

सातपुडा_पायथा: बरं बाप्पा, जीव तर जीव. आता तो पाण्याखालचा तलाठी इकडं पाठवा.

रावेर_बागायत: रांगेत या. माझा अर्ज जुना आहे.