मिकोनोसला जाताय? वाऱ्याचाही हिशेब धरा

स्पेनचं पार्टी-बेट इबिझा खिशाला झेपत नाही म्हणून ग्रीसच्या मिकोनोस बेटावर जा, असं इथल्या चर्चेत कुणीतरी सुचवलंय, ते काही पटलं नाही. जुलै-ऑगस्टात मिकोनोस स्वस्त बिलकुल नाही. धमाल आहेच, वाद नाही.

पण मेल्तेमीबद्दल कुणीच लिहिलं नाही. हा उत्तरेचा वारा एजियन समुद्रात नेमका याच दोन महिन्यांत पिसाळतो, आणि आधी रद्द होतात त्या वेगवान कॅटामरान फेरीबोटी. परतीच्या दिवशी आम्ही मिकोनोसच्या तूर्लोस बंदरावर बॅगांवर बसून सहा तास काढले, दाताखाली वाळू कचकचतेय, आणि अथेन्सहून मुंबईचं विमान त्याच रात्री! शेवटी मोठी संथ बोट आली म्हणून वाचलो. अथेन्सला एक रात्र हाताशी ठेवाच. नुसतं नाचायचंच असेल तर माल्टातला पाचेव्हिल (Paceville) हा नाइटलाइफचा भाग बघा, क्लब सगळे चालत जाण्याच्या अंतरावर.