मदत हवी आहे: एनव्हीडीए शॉर्टकट वाचतं, पण दाबला की भलतंच होतं

आमच्या ग्रंथालयाच्या देवघेवीसाठी ब्राउझरमध्ये चालणारं एक पान मी लिहिलंय. काउंटरवरचे सहकारी अंध आहेत, क्रोम आणि एनव्हीडीए (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरतात. माउसची गरज पडू नये म्हणून एकेका अक्षराचे शॉर्टकट दिले: एफ म्हणजे शोध, एन म्हणजे नवा सभासद. बटणांना एरिया-कीशॉर्टकट्स (बटणाचा शॉर्टकट एनव्हीडीएसारख्या सॉफ्टवेअरला कळवणारं एचटीएमएलमधलं अ‍ॅट्रिब्यूट) लावलं. टॅबने बटणावर गेलं की शॉर्टकट ऐकूही येतो. पण एफ दाबला की शोध उघडत नाही, कर्सर सरळ पुढच्या भरायच्या चौकटीवर उडी मारतो. ब्राउझरचा कन्सोल (कोडच्या नोंदी दिसतात तो) कोरा, म्हणजे कळ माझ्या कोडपर्यंत पोचतच नाही. एनव्हीडीए बंद केलं की सगळं सुरळीत.

दुसरी भानगड म्हणजे इनस्क्रिप्ट (मराठी कीबोर्डची मांडणी) चालू असेल तर डोळसांनाही शॉर्टकट लागत नाहीत.

अख्ख्या पानाला 'अ‍ॅप्लिकेशन' रोल देऊन टाकू का, म्हणजे एनव्हीडीए कळा थेट पानाकडे सोडेल? की अल्ट+शिफ्ट जोडून बघू?

प्रतिसाद १:
रोलच्या वाटेला जाऊ नका. शीर्षकं, तक्ते अक्षरांनी चाळायची त्यांची सोयच जाईल. एरिया-कीशॉर्टकट्स शॉर्टकट फक्त जाहीर करतं, चालवायचं काम तुमच्या कोडचं. आणि ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे पान वाचत फिरताना, सुटी अक्षरं एनव्हीडीए स्वतःकडे ठेवतं: एच शीर्षक, टी तक्ता, एफ फॉर्मची चौकट. शॉर्टकट बदलेपर्यंत त्यांना इन्सर्ट+एफ२ दाबून मग एफ दाबायला सांगा, ती एक कळ पानाकडे जाते.

प्रतिसाद २:
अल्ट+शिफ्टही नको, बऱ्याच विंडोज मशीनवर त्यानेच मराठी-इंग्रजी बदलतं. कंट्रोल+अल्ट+एनने तर एनव्हीडीएच सुरू होतं! मी अल्ट+१, अल्ट+२ असं ठेवेन. एरिया-कीशॉर्टकट्समध्येही तेच लिहा, आधी अल्ट, मग अंक.

इनस्क्रिप्टचं कारण: तुम्ही कळ दाबल्याच्या इव्हेंटचा 'की', म्हणजे उमटणारं अक्षर, तपासत असणार. तिथे एनच्या जागी 'ल' येतो, एफच्या जागी पहिली वेलांटी. 'कोड' तपासा, तो कळेच्या जागेवरून ठरतो.

सुटी अक्षरं ठेवायचीच असतील, तर बंद करायची किंवा बदलायची सोय द्या. २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ (वेब सर्वांना वापरता यावं यासाठीचे निकष) मध्ये २.१.४ हा निकष त्यासाठीच आहे. बोलून टाइप करणाऱ्यांचं एखादं वाक्य पानाने शॉर्टकट समजून घेतलं, तर काय काय उघडेल बघा.