मुलाच्या घोट्यातला ट्रेव्हर्स डिसीज: ऑपरेशन आत्ता करावं की थांबावं? अनुभव हवे आहेत

नमस्कार मंडळी,

माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या उजव्या घोट्यात ट्रेव्हर्स डिसीजचं निदान झालं आहे. पूर्ण नाव डिसप्लेसिया एपिफिसिअलिस हेमिमेलिका, म्हणजे सांध्याजवळच्या हाडाच्या टोकाची एका बाजूने जास्तीची वाढ. दहा लाखांत एखाद्याला होणारा आजार, त्यामुळे ओळखीपाळखीत विचारावं असं कुणीच नाही. इथे कुणाच्या घरात हे झालं असेल, किंवा कुणी लहान मुलांच्या हाडांचे डॉक्टर असतील, तर कृपया सविस्तर लिहा.

त्याच्या घोट्याच्या आतल्या बाजूला टणक फुगवटा आहे. दाबला तरी दुखत नाही, सरकत नाही, गरमही लागत नाही. उकिडवं बसला की उजवी टाच जमिनीवरून उचलली जाते. त्या पायाच्या बुटाचा तळ आतल्या कडेने पार झिजलाय आणि डावा मात्र जवळजवळ नवा दिसतो. मागून बघितलं की टाच बाहेरच्या बाजूला कललेली कळते. भरपूर खेळून आला की संध्याकाळी घोटा धरून बसतो, एरवी तक्रार नसते.

सुरुवातीला मुरगळला असेल म्हणून क्रेप बँडेज आणि विश्रांती. सूज हटेना म्हणून एक्स-रे काढला, तर रिपोर्टमध्ये 'जुनं फ्रॅक्चर किंवा ऑस्टिओकॉन्ड्रोमा' (हाडावर येणारी साधी गाठ). एका डॉक्टरांनी तर लगेच बायोप्सी करायला सांगितलं. त्या काळात आमच्या डोक्यात कॅन्सरशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

शेवटी फक्त लहान मुलांची हाडं बघणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा उलगडा झाला. त्यांनी समजावलेलं लिहिते, म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल. साधा ऑस्टिओकॉन्ड्रोमा लांब हाडाच्या वाढीच्या चकतीजवळून (जिथून हाड लांबीला वाढतं तो कूर्चेचा थर) निघतो आणि सहसा सांध्यापासून दूर वाढतो. इथे वाढ सांध्याच्या बाजूच्या टोकातून, म्हणजे एपिफिसिसमधून किंवा घोट्याच्या छोट्या हाडांतून होते, तीही बहुधा हाडाच्या अर्ध्याच भागात, आतल्या किंवा बाहेरच्या. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही जवळपास सारखेच दिसतात, त्यामुळे नुसत्या बायोप्सीने फरक कळत नाही. गाठ कुठून निघाली यावरच निदान ठरतं. आमची बायोप्सी त्यामुळे टळली. हा कॅन्सर नाही, आनुवंशिकही नाही, हे ऐकल्यावर कुठे जीव भांड्यात पडला.

एमआरआयमध्ये टेलसच्या (घोट्यातलं हाड) आतल्या भागात आणि टिबियाच्या (नडगीचं हाड) खालच्या टोकाला, दोन्हीकडे वाढ दिसली. एकाच पायात आणखी सांधे सापडू शकतात म्हणून गुडघा आणि कमरेचा सांधाही बघून घेतला, ते स्वच्छ आहेत. (ज्यांचं निदान नुकतंच झालंय त्यांनी हे जरूर विचारून घ्या. फक्त घोट्याचा फोटो काढून थांबू नका.)

आता खरा पेच. टिबियाकडचा तुकडा सांध्याच्या बाहेर आहे, तो काढणं तुलनेने सोपं. टेलसवरची वाढ मात्र थेट सांध्याच्या पृष्ठभागात शिरलेली आहे. ती खरवडली तर चांगली कूर्चा जायची आणि सांधा आखडायची भीती. नाही काढली तर मूल वाढेल तशी तीही वाढणार आणि पाय आणखी कलणार. एक डॉक्टर म्हणतात, दुखणं कमी आहे तोवर दर सहा महिन्यांनी एक्स-रे काढून नजर ठेवू, कल वाढला तर वाढीच्या चकतीला एका बाजूने तात्पुरती प्लेट लावून दिशा सुधारता येईल. दुसरे म्हणतात, बाहेरचा तुकडा आत्ताच काढा. मुलाची वाढ थांबेपर्यंत गाठ पुन्हा येऊ शकते, हे दोघांनाही मान्य आहे. माझा कल थांबण्याकडे आहे, पण टाच वाकडी होत चाललेली रोज डोळ्यांसमोर दिसते, तेव्हा मन डळमळतं.

म्हणून विचारते. सांध्याच्या आतली गाठ कुणाच्या मुलाची काढली आहे का? नंतर घोटा कितपत वाकतो, प्लास्टर किती काळ होतं, फिजिओथेरपी कधी सुरू झाली? गाठ आणि मूळ हाड यांच्यामध्ये एमआरआयवर स्पष्ट रेघ दिसली तर काढणं सोपं जातं असं वाचलं. तुमच्या सर्जननी ऑपरेशन ठरवताना हे बघितलं होतं का? ज्यांनी वाट पाहिली, त्यांच्या मुलांचे पाय मोठेपणी कसे आहेत? बुटात घालायच्या आधाराने कल थांबतो की फक्त चालणं सुसह्य होतं?

आणि एक. मुलाला दौडायला, उड्या मारायला किती मोकळीक द्यावी? डॉक्टर म्हणतात दुखेल तेव्हा थांबवा, पण हा खेळाच्या नादात दुखणं सांगतच नाही. तुम्ही घरी हे कसं सांभाळता ते लिहा. रिपोर्टमधलं आणखी काही हवं असेल तर विचारा, बघून सांगते.