डॉसवरचा केळीचा हिशोब नव्या पीसीवर कसा चालवू?

सावदेकर:
राम राम मंडळी. आमच्या नानांचं केळीच्या खरेदीचं खातं १९९६ पासून डॉसवर (विंडोजच्या आधीची काळ्या पडद्याची सिस्टीम) चालणाऱ्या फॉक्सप्रो या डेटाबेसमधल्या एका प्रोग्रामवर आहे. ज्याने लिहून दिला तो कधीच पुण्याला गेला, पत्ता नाही. मशीन ४८६, म्हणजे जुन्या प्रोसेसरचं. यंदाच्या मे महिन्यात तीन-तीनदा बटण दाबल्याशिवाय उठत नव्हतं. डिस्कवरचा सगळा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलाय. नव्या पीसीवर विंडोज ११ आहे, तिथे प्रोग्राम उघडतच नाही. नानांना मात्र तोच काळा पडदा पाहिजे. नव्या पीसीत जुनं मशीन उभं करणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी काय घेऊ, डॉसबॉक्स, व्हर्च्युअलबॉक्स की ८६बॉक्स?

तापीकाठ:
तुमचं काही चुकलेलं नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं आणि ६४ बिट विंडोजमध्ये १६ बिट डॉसचे प्रोग्राम चालवायची सोयच नाही. डॉसबॉक्स मुळात गेमसाठी बनलाय, धंद्याचा डेटा मी त्यात ठेवणार नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये फ्रीडॉस, म्हणजे मोफत डॉस, टाका. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू करा. खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं तर समजा विंडोजचं स्वतःचं व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर, हायपर-व्ही, आडवं आलंय. मग सगळं कासवासारखंच चालतं.

भुसावळ_जंक्शन:
काय सांगू राहिला भो! जुना फॉक्सप्रो वेगवान प्रोसेसरवर सुरू होतानाच ‘डिव्हाइड बाय झिरो’ म्हणून बसतो. सुरुवातीला तो वेग मोजायला एक फेरी मारतो, ती इतक्यात संपते की वेळ शून्य येतो. व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे तुमच्याच वावरातला बटाईदार, माती तुमचीच, प्रोसेसर तुमचाच, म्हणून अडचणही तीच. त्यावर पॅच मिळतात, पण कशाला? ८६बॉक्समध्ये मातीसुद्धा सॉफ्टवेअरने बनवलेली असते. बोर्ड, बायोस, प्रोसेसर सगळं नकली. ४८६ डीएक्स२, ६६ मेगाहर्ट्झ निवडा, नानांचं मशीन जसंच्या तसं उभं राहील. बायोसच्या रॉम फाइली मात्र वेगळ्या उतरवाव्या लागतात, नाहीतर ते सुरूच होत नाही.

अमळनेरची_ताई:
भाऊ, एक विचारू? खात्यातली नावं मराठीत आहेत का? असतील तर आधी जुन्या मशीनचं झाकण उघडा. आत जिस्ट कार्ड असेल. सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचं, स्लॉटमध्ये बसणारं. त्या काळी डॉसच्या पडद्यावर देवनागरी तेच काढायचं. ८६बॉक्समध्ये साउंड कार्डं हवी तेवढी आहेत, जिस्ट कार्ड मला तरी यादीत दिसलं नाही.

सावदेकर:
ताई, उघडलं. आहे! आणि काल ८६बॉक्सवर प्रोग्राम चालला, पण नावांच्या जागी नुसत्या रेघा आणि कोपरे. मला वाटलं फाइल खराब झाली.

अमळनेरची_ताई:
फाइल ठणठणीत असणार. नावं इस्कीमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या जुन्या अक्षर-क्रमांकांत, साठवलेली दिसतात. इस्कीत ‘क’चा क्रमांक १७९, आणि साध्या डॉसमध्ये १७९ म्हणजे चौकटीची उभी रेघ. पुढची बहुतेक सगळी व्यंजनंही अशीच चौकटीच्या अक्षरांवर येतात. त्या रेघा म्हणजेच तुमचे शेतकरी! आयसीयू नावाच्या सॉफ्टवेअर लायब्ररीबरोबर युकॉन्व्ह नावाचं छोटं मोफत हत्यार येतं, त्याने इस्कीचं युनिकोड, म्हणजे आजच्या पीसीला कळणारं मराठी, होतं. पण डीबीएफ फाइल (फॉक्सप्रोची डेटा फाइल) तशीच त्यात घालू नका, आधी नावं साध्या टेक्स्टमध्ये काढा. आणि मूळ पेनड्राइव्हला हात लावायचा नाही, कॉपीवरच खेळा.

तापीकाठ:
जिस्टचं माझ्या डोक्यातच आलं नाही. ताई जिंकल्या. व्हर्च्युअलबॉक्सवरही तेच झालं असतं.

सावदेकर:
नावं निघाली! दोन-चार जोडाक्षरं तुटली, तेवढी हाताने नीट केली. आता खाते क्रमांकाप्रमाणे छापून स्क्रीनशेजारी चिकटवलीत. नानांना मात्र कागद लागतच नाही. काल रेघांकडे बघून म्हणाले, “एकशे बारा? हा रावेरचा, याचा काटा नेहमी दोन किलो कमी.” आकडे जुन्या वहीशी ताडले, पैसा न् पैसा जुळला.

आता राहिली पावती. ८६बॉक्स तिचं चित्र करून फाइलमध्ये टाकतं आणि नानांना कर्र-कर्र आवाजाचा कागद हवाय. जुना डॉट मॅट्रिक्स यूएसबीवर जोडायची केबल कुणी वापरलीय का? जळगावात मिळाली तर शनिवारी जातोच आहे.